अडीच की पावणेतीन

लिलावाच्या हॉलमध्ये ती बंदूक माझ्यादेखत तीन जणांनी उचलली, खांद्याला लावून पाहिली आणि नाक मुरडून परत ठेवली. चौथा मी. दस्त्यावर गाल टेकवला आणि दोन नळ्यांच्या मधली पट्टी डोळ्यापुढे सुतात आली. पट्टीच्या टोकाला पितळेचा बारीक मणी, बस्स. इंग्लंडमध्ये आल्यापासून बऱ्याच बंदुका हाताळल्या, पण एकीनेही मला असं ओळखलं नव्हतं.

कारण साधं होतं. मी डावखुरा आहे, आणि तीही निघाली डावखुरी.

जन्मापासूनची नव्हे. बंदुकीचा लाकडी दस्ता नळ्यांच्या रेषेत अगदी सरळ नसतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डोळा पट्टीवर यावा म्हणून त्याला किंचित उजवीकडे झोक दिलेला असतो. हिचा झोक डावीकडे होता. कधीकाळी कुणीतरी दस्त्याची मान गरम जवसाच्या तेलाने तापवून, शिकंज्यात धरून, हळूहळू उलटी वळवली होती. अक्रोडाचं लाकूड असं वळतं, घाई केली की तडकतं. वळण फार नाही, दोन सूत. आपल्याकडचा सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला इंचाचे आठ सूत मोजतो, त्या हिशेबाने दोन. पण तेवढ्यानेच त्या तिघांना पट्टी तिरकी दिसली आणि मला सरळ.

पहिलीत बाईंनी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली होती. घरी प्रसादाला डावा हात पुढे गेला की आजीची चापट. मी आजही उजव्या हाताने लिहितो आणि जेवतो, बाकी सगळं डाव्याने. म्हणजे मलाही कुणीतरी शिकंज्यात धरून वळवलं होतं, फक्त उलट्या दिशेला. त्यामुळे त्या बंदुकीची बोली लागली तेव्हा माझा हात वर गेला. १८० पौंडांना पडली. कुठला हात वर गेला ते सांगायला नको.

तर ही बंदूक: बारा बोअर, जोडनळी, नळ्या ३२ इंची. बोअर हे नळीच्या रुंदीचं जुनं माप, आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. हल्लीच्या नजरेला जुन्या जोडनळीवर ३२ इंच लांबच वाटतात. बंदुकीच्या काळ्या दारूच्या दिवसांत लांब नळीवर लोकांचा विश्वास होता, आणि खाडीकाठच्या दलदलीत उंचावरून जाणारी बदकं मारणाऱ्यांना संथ, जड झोका हवा असे. पुढे १९२० च्या दशकात रॉबर्ट चर्चिल या लंडनच्या बंदूकवाल्याने २५ इंची नळ्यांचा असा काही प्रचार केला की लांब नळ्या जुनाट ठरल्या. कितीतरी चांगल्या बंदुकांच्या नळ्या करवतीने कापल्या गेल्या. हिच्या वाचल्या. म्हणून मला वाटलं, चला, हिला फारसे हात लागलेले नाहीत.

इतका मोठा गैरसमज मी अलीकडे करून घेतलेला नाही.

इथे शॉटगनचा परवाना पोलीस देतात. घरी येऊन पाहून जातात, डॉक्टरकडून माहिती मागवतात, आणि लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं लागतं. बंदूक हाती आली की सात दिवसांत त्यांना कळवायचं. हे सगळं रीतसर झालं आणि शनिवारी सकाळी मी नेमबाजीच्या क्लबावर जायला निघालो. खिशात काडतुसांचं एक खोकं होतं, ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंची. दुकानात सगळीकडे मिळतं ते. घरून निघण्यापूर्वी एक काडतूस घालून पाहिलं होतं: चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत, अलगद बसलं, बंदूक मिटली, कुठे अडकलं नाही. बसलं म्हणजे बरोबर, असं मी धरून चाललो. मी कॉव्हेंट्रीजवळच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात नोकरी करतो आणि 'बसलं म्हणजे बरोबर' म्हणणाऱ्या पोरांना दिवसभर ओरडतो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

वाटेत एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे थांबलो, तेही केवळ मिरवायला. त्याने बंदूक उघडली, रिकामी असल्याची खात्री केली, नळ्या सुट्या केल्या आणि माझ्या हातातलं खोकं पाहून विचारलं, "ही हिच्यात?"

मग त्याने एक गोष्ट समजावली, जी मला खरं तर माहीत असायला हवी होती. काडतुसावर लिहिलेली लांबी ही न उडालेल्या काडतुसाची नसते. तोंड दुमडलेलं असतं म्हणून नवं काडतूस आखूड असतं. उडालं की ते तोंड उलगडतं, आणि त्या उलगडलेल्या रिकाम्या पुंगळीची लांबी खोक्यावर छापलेली असते. म्हणून पावणेतीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये मजेत बसतं. बार उडतो तेव्हा मात्र त्याचं तोंड चेंबर संपून नळी अरुंद होते त्या निमुळत्या भागात जाऊन उघडतं. छर्ऱ्यांची वाटच आवळली जाते आणि दाब चढतो. बसणं आणि मावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"आणि तुझी बंदूक अडीचची आहे," तो म्हणाला. "निदान तिच्यावर तरी तसं लिहिलंय."

नळ्या उलट्या केल्या की मागच्या टोकाशी खालच्या बाजूला सपाट जागा असते. बंदूक मिटलेली असताना ती दिसत नाही. इंग्रजी बंदुकीची खरी कुंडली तिथे असते. पट्टीवरचं झोकदार नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, करणाऱ्याचं नव्हे. माझ्या बंदुकीवर किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावातल्या दुकानदाराचं नाव होतं, अर्धं घासून गेलेलं. करणारे हात बर्मिंगहॅमचे. तिथल्या बंदूकवाल्यांच्या मोहल्ल्यात बारा बलुतेदारांसारखा कारभार चाले. नळ्या कानशीने उतरवणारा वेगळा, त्या जोडणारा वेगळा, दस्ता बसवणारा, कोरीवकाम करणारा, रंग चढवणारा, सगळे शेजारशेजारच्या खोल्यांत. सुटे भाग घेऊन पोरं या दारातून त्या दारात पळायची. आतली यंत्रणा अॅन्सन आणि डीली या दोघांच्या १८७५ च्या पेटंटप्रमाणे, जगभर नक्कल झालेली. नळ्या दमास्कसच्या: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून ठोकलेल्या. उजेडात धरल्या की तपकिरी-रुपेरी नक्षी दिसते, हलक्या हाताने फेटलेल्या ताकावरच्या रेघांसारखी. त्या काळात बर्मिंगहॅमला येणाऱ्या अशा पुष्कळ नळ्या बेल्जियममधल्या लिएजच्या आसपास घडलेल्या असत. इंग्रज हे फारसं बोलून दाखवत नाहीत.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं आणि बॅन्बरी स्ट्रीटवर आजही चालू आहे. काम एकच: प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवायचा, टिकली तर ठसा मारायचा. नियम बदलत गेले तसे ठसेही बदलले, म्हणून ठशांवरून काळ वाचता येतो. माझ्या बंदुकीवर सगळ्यांत जुना थर आडव्यातिडव्या राजदंडांचा आणि मुकुटाचा. शेजारी चौकटीत १२ आणि सी, आणि 'चोक' हा शब्द, म्हणजे नळी तोंडाशी किंचित आवळलेली. हे चिन्ह १८८७ पासूनचं. धूरविरहित दारूसाठीचा जुना, १८९६ नंतरचा ठसा मात्र कुठेच नाही. म्हणजे ती बहुधा या दोन सालांच्या मधली. नळीच्या व्यासाचा आकडा १३, म्हणजे आतला व्यास ०.७१० इंचाच्या जरा वर. त्यानंतर मोठी शांतता. मग एकदम दुसरा थर: मुकुटाखाली बीएनपी, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी, '.७२९', 'अडीच इंच' आणि 'चौरस इंचाला ३ टन'. टनांचे हे ठसे १९५४ ते १९८९ या काळातले.

या दोन थरांच्या मधे काय घडलं ते आकडेच सांगतात. काळ्या दारूने आणि कंटाळ्याने, म्हणजे बार झाल्यावर साफ करायचा कंटाळा, नळ्या आतून गंजून खड्डे पडले असणार. कुणीतरी त्या आतून घासून दहा-वीस हजारांश इंच मोठ्या केल्या. पण केल्यावर तो माणूस उठून प्रूफ हाऊसला गेला आणि ठसा मारून आणला. त्याने फेरफार केला आणि सही केली. मला तो माणूस आवडतो. न पाहिलेला, नाव नसलेला, पण आवडतो.

मग गनस्मिथने चेंबरचं मापक काढलं. पितळेचा ठोकळा, त्यावर रेघा. नळीच्या मागून आत सोडला. अडीचच्या रेघेवर थांबायला हवा होता. सरसर आत गेला आणि पावणेतीनवर थांबला. दुसऱ्या नळीतही तेच.

दोन सूत.

म्हणजे शेवटच्या ठशानंतर कुणीतरी, बाजारातली काडतुसं चालावीत म्हणून, रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, फिरवून चेंबर लांब केलं होतं. बार उडतो तेव्हा सगळ्यांत जास्त दाब असतो तो नेमक्या याच भागात, आणि तिथलीच धातू खरवडून काढली. सही नाही, ठसा नाही. लाकडावरचे दोन सूत उघड दिसत होते म्हणून तीन माणसं बिचकली. लोखंडातले दोन सूत लपलेले होते आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

मला एकदम आजोबांचा गज आठवला. सिंधुदुर्गात आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भातात रानडुकरं आणि नारळीवर वानर, या दोघांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरांना आचारसंहिता नसल्याने त्याच महिन्यात ती मोकाट सुटायची. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत आत दारू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आजोबा दरवेळी गज नळीत सोडायचे. गजावर सुरीने पाडलेली एक खाच होती. खाच नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर भरलेली, आणि फारच वर राहिली तर कुणीतरी दोनदा भरली आहे. मी लहानपणी एकदा म्हणालो होतो, आजोबा, आत्ताच तर रिकामी केलीत. त्यावर ते म्हणाले, "रिकामी बंदूक? तशी वस्तू नसता रे," आणि गज सोडला.

पितळेचा तो ठोकळा म्हणजे आजोबांची खाचच होती, फक्त उलट्या टोकाने घातलेली.

लिलाववाल्यांना कळवलं. ठसा लागू नसलेली बंदूक विकणं हा या देशात गुन्हा आहे. त्यांनी कॅटलॉगात ठशावरचा आकडा उतरवला होता, मापून कुणी पाहिलं नव्हतं. पैसे परत देतो म्हणाले. बायको म्हणाली, दे परत, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पण तो डावा झोक हातातून सुटेना. मी गनस्मिथला विचारलं, की लोक जुनी बंदूक टायरला बांधून लांबून दोरीने चाप ओढतात, तसं करून पाहिलं तर? तो म्हणाला, "त्याने आज फुटली नाही एवढंच कळेल."

मग रीतसर मोजणी झाली, आणि माझा जीव तिथे रमला, कारण हा माझाच धंदा. आधी नळ्या एका आकड्याला टांगून लाकडाच्या दांडीने टिचकी मारली. कुंभाराकडे मडकं घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसंच. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला, म्हणजे दोन नळ्यांना जोडणारी पट्टी घट्ट आहे. बद्द वाजली असती तर झाळ सुटलेली. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या बिजागरीवर हलवून पाहिल्या, खुळखुळ नाही. मग आतून: नळी उजेडाकडे धरली की प्रकाशाची वर्तुळं एकात एक दिसतात. जिथे वर्तुळ चेपटं दिसेल तिथे पोचा. उजवीकडे एक जुना, उठवून काढलेला पोचा सापडला. व्यास .७३३, ठशापेक्षा चार हजारांश जास्त, चालण्यासारखा. उजव्या नळीच्या तोंडाशी चोक जवळपास खाऊन टाकलेला, दोनच हजारांश शिल्लक. डावीकडे पस्तीस, म्हणजे पूर्ण. हा आणखी एक हात, कधीचा कुणास ठाऊक.

शेवटी भिंतीची जाडी. एका लांब दांड्याच्या टोकावर नळी चढवायची आणि बाहेरून डायल टेकवून इंच-इंच सरकवत न्यायचं. धंद्यातला जुना संकेत असा की सगळ्यांत पातळ जागीही २० हजारांश इंच असावेत. अर्धा मिलिमीटर. आपलं एटीएम कार्ड याहून जाड असतं. चेंबरपाशी भिंत अर्थातच कितीतरी जाड, पुढे पातळ होत जाते, आणि हातही पुढेच धरलेला असतो. डायल सरकत होती आणि माझा श्वास तिच्यामागे. उजवी २६. डावी २३. म्हातारा म्हणाला, "पाठवू या."

प्रूफ हाऊसमध्ये आजचं साधं मोजमाप असं: नेहमीच्या काडतुसाचा दाब जास्तीत जास्त ७४० बार (इथे बार हे दाबाचं एकक) धरायचा आणि चाचणीचं काडतूस ९३० बारचं उडवायचं. घरचा कुकर साधारण १ बारला शिटी देतो. मला ते दृश्य पाहता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायचंही नव्हतं. बंदूक फुटली तर ती फुटलेली परत मिळते, भरपाई नाही, हे आधीच कळलेलं होतं. काही आठवडे गेले. तपासणी, दुरुस्ती आणि प्रूफ मिळून खर्च बंदुकीच्या किमतीच्या वर गेला. हा आकडा बायकोला अजून पूर्ण माहीत नाही. ती हे वाचणार नाही अशी आशा.

परत आली तेव्हा सपाट जागेवर तिसरा थर होता. जुन्या ठशांच्या गर्दीत जागा शोधून मारलेला, कडा अजून धारदार, आत चकाकणारा: ७०. मिलिमीटरमध्ये. चोरून केलेले दोन सूत आता कागदोपत्री आले होते.

तरी मी तिच्यात ६५ मिलिमीटरचीच काडतुसं घालतो, २४ ग्रॅम छर्ऱ्यांची. परवानगी आहे म्हणून सव्वाशेहून जास्त वर्षांच्या म्हातारीला पोतं उचलायला लावायचं नसतं. स्टीलचे छर्रे तर नाहीच, तो कडक माल या नळ्यांच्या आणि त्या पूर्ण चोकच्या कामाचा नव्हे. आणि खिशात वीस बोअरचं एकही काडतूस चुकून राहू द्यायचं नाही. ते बारा बोअरच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं, वरून बाराचं काडतूस सहज बसतं, आणि मग प्रूफ हाऊसचाही इलाज चालत नाही. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच.

पहिल्या दिवशी क्लबावर पोचलो ते पाऊस थांबल्यावर. चश्मा, कानांवर मफ, बंदूक मधे बिजागरीवर उघडून कोपरात. जागेवर उभा राहिल्यावर फक्त उजव्या नळीत एक काडतूस घातलं, आणि चाळीस यार्डांवरच्या, पांढरा रंग फासलेल्या लोखंडी पत्र्यावर मारलं. आवाज मऊ, धक्का त्याहून मऊ. लांब, जड नळ्या जागच्या हलल्याच नाहीत. उघडली, पुंगळी काढली. तोंड फाटलेलं नाही, मागे पिनेचा ठसा बरोबर मध्यावर. नळीतून आभाळ पाहिलं, वर्तुळं गोल. मग दुसरं. मग डावी नळी. दर बारानंतर आभाळ. शेजारच्या स्टँडवरचा माणूस घड्याळ पाहायला लागला होता.

पत्र्यावर उजव्या नळीचे छर्रे अंगणात टाकलेल्या तांदळासारखे पसरले होते. डावीचे तीस इंचांच्या वर्तुळात दाट, एकमेकांना खेटून. दोन्हींचा मध्य मी रोखलं होतं तिथेच. दस्ता वळवणाऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं.

मग हवेत उडवलेल्या मातीच्या बशा. पहिल्या सात तशाच निघून गेल्या, कारण मी रोखत बसलो होतो. या नळ्यांना रोखायचं नसतं, झोका सुरू केला की त्या आपल्या आपण पुढे जातात, थांबवायचंच जड जातं. आठवी बशी डावीकडून उजवीकडे, लांबून चाललेली. डावा खांदा, डावा डोळा, डावं बोट. तिचा नुसता काळा धूर झाला.

रात्री गावी काकांना फोन लावला. आजोबांची बंदूक परवान्यासकट आता त्यांच्याकडे आहे. सगळं सांगितलं: ठसे, दोन सूत, प्रूफ हाऊस, २३ हजारांश. ते मधे मधे हुं हुं करत होते. गजाची आठवण काढली तेव्हा म्हणाले, गज आसा हय, खाच पण आसा. मग थोडा वेळ गप्प.

"मगे? डुकर पडलो?"

"डुक्कर नाही काका, इथे मातीच्या बशा उडवतात. त्या फोडायच्या."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग काकू काय म्हणते ते ऐकायला त्यांनी फोन बाजूला धरला असावा, कारण आवाज लांबून आला: "बशी गे, बशी! विलायतेक जावन बशी फोडता!"